तळव्याखालचं नाव

२३ ऑगस्ट, शुक्रवार

पांटेलिस मास्तर म्हणतात, धावणाऱ्याने रोजचं रोज लिहून ठेवावं. किती धावलो, कुठे दुखलं, काय खाल्लं. मी अजून एक पाऊल धावलेली नाही, पण वही आजच उघडली. आज नवस फळला.

गेल्या वर्षी पंधरा ऑगस्टला, देवमातेच्या सणाला, माझी आई चर्चमध्ये देवमाता पानायियाच्या तसबिरीपुढे उभी राहिली आणि नवस बोलून आली. माझ्या नातीला सरकारी शाळेत कायमची नोकरी लागू दे, माझी आसिमिना माराथोनपासून अथेन्सच्या स्टेडियमपर्यंत धावत जाईल. नवस आईचा, धावायचं मी. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांची ही जुनीच खोड आहे, दुसऱ्याच्या गुडघ्यांवर नवस बोलायला त्यांना काडीचा संकोच वाटत नाही. मी जाब विचारला तर म्हणाली, "मग काय ऐंशीव्या वर्षी मी धावू? पानायियाला दिसतं कोणाचे पाय रिकामे आहेत ते."

माझे पाय रिकामे. तीस वर्षं सलूनमधल्या खुर्चीभोवती उभी आहे मी.

फेब्रुवारीत शर्यतीची नावनोंदणी सुरू झाली तेव्हा तिने मला नावही घालायला लावलं. "देवीला कळू दे, आपण थट्टा करत नाही." मी घातलं. माझी लेक लिया कित्येक वर्षं नेमणुकीच्या यादीची वाट बघत होती. दर ऑगस्टला यादी लागायची, नाव नसायचं, मग आम्ही दोघी समुद्रात डुंबून यायचो आणि ती पुन्हा खाजगी क्लासात शिकवायला जायला लागायची. नवस फळेल असं कोणाच्या ध्यानीमनी होतं?

आज सकाळी मी एका बाईच्या केसांना रंग लावत होते. लिया फोन हातात घेऊन आत आली आणि म्हणाली, "आई, लागलं नाव." त्या गडबडीत रंग जास्त वेळ राहिला आणि बाईंचे केस वांग्याच्या रंगाचे झाले. त्या चिडल्या नाहीत. आनंदाची बातमी आहे म्हणाल्या.

शाळा आगाथोनिसीला. नकाशात शोधावं लागलं. तुर्कस्तानच्या कडेला नखाएवढं बेट आहे. शाळेत पाच मुलं. दोन वर्षं तिथून बदली नाही, आणि मधेच सोडलं तर नोकरी कायमची गेली.

मी फार आनंदात आहे. लिहून ठेवते.

२६ ऑगस्ट, सोमवार

आज सलून बंद. लियाच्या सामानाच्या खरेदीला म्हणून अथेन्सला गेलो, पण ती म्हणाली, "बेटावर पाच मुलं आणि शेळ्या. मला कोण बघणार आहे? आधी तुझ्या पायांचं बघू."

धावण्याच्या बुटांच्या दुकानात हल्ली माप घेत नाहीत, तपासणीच करतात. मला फिरत्या पट्ट्यावर पळायला लावलं आणि मागून पायांचं चित्रण केलं. दुकानदार टक्कल पडलेला, शांत स्वभावाचा माणूस. म्हणाला, "बाई, तुमचा डावा पाय आत कलतो."

"कलणारच," लिया म्हणाली. "घरात आजी डावीकडे बसते."

त्याने सांगितलं, बूट एक माप मोठा घ्यायचा आणि संध्याकाळी घ्यायचा, कारण दिवसभरात पाय सुजतात. म्हटलं, माझे तीस वर्षं सुजलेलेच आहेत, तुम्ही बिनधास्त दाखवा. एक एक करत टेबलावर बुटांचा ढीग झाला. शेवटी लियाने नारिंगी जोड उचलला. चोपन्नाव्या वर्षी नारिंगी. "असू दे," ती म्हणाली, "वाटेत पडलीस तर हेलिकॉप्टरमधून दिसशील."

पण बूट मात्र अगदी मापात बसले. चवडा मोकळा, टाच घट्ट, वजन नाहीच. दुकानात फेऱ्या मारत राहिले, काढावेसे वाटेनात.

३० ऑगस्ट, शुक्रवार

लिया गेली.

निघायच्या आधी स्वयंपाकघरात बसली होती. नारिंगी बूट खोक्यातून काढला, उजवा, आणि जाड काळ्या पेनाने तळावर टाचेपासून चवड्यापर्यंत आपलं नाव लिहिलं. लिया असं आखूड नाही, पूर्ण, गारुफालिया. लग्नात नवरीच्या बुटाखाली तिच्या बिनलग्नाच्या मैत्रिणींची नावं लिहितात ना, नाचता नाचता जिचं पुसलं जातं ती पुढची उजवली जाते, तसं. म्हणाली, "किती जणींच्या बुटाखाली लिहून झालं माझं नाव. कुणाच्या पुसलं नाही. नवऱ्या हल्ली नाचतच नाहीत, फोटो काढतात. तू तरी घास."

आई तिथेच होती. "अगं, हे माझंही नाव आहे. मला पायाखाली घालतेस?"

लियाला तिचंच नाव आहे, नातीला आजीचं, रीतीप्रमाणे. मी मधल्यामध्ये, एक गारुफालिया वरून आणि एक खालून.

"आजी, मग तुझंही जमेल."

"जमव. फक्त स्वयंपाक येणारा बघ. आणि कान शाबूत असलेला, माझं ऐकायला."

गाडी सुटली तेव्हा आईने मागे भांडंभर पाणी ओतलं, वाट पाण्यासारखी सरळ वाहू दे म्हणून. पिराएउस बंदरात मी जहाज दिसेनासं होईपर्यंत थांबले. परत आले तर दारातलं पाणी वाळून गेलं होतं. का कोण जाणे, मला आईचा राग आला.

५ सप्टेंबर, गुरुवार

सरावाची योजना ठरवायची आहे. गिऱ्हाईक बायकांनी प्रत्येकीने एकेक आणून दिली आहे आणि मी सगळ्या आरशाला चिकटवल्या आहेत. एक ना धड भाराभर चिंध्या. दाताच्या डॉक्टरांच्या बायकोची योजना सोळा आठवड्यांची आहे, आणि शर्यत दहा नोव्हेंबरला, म्हणजे ती मी जुलैतच सुरू केलेली असायला हवी होती. दुसरी फोनमध्ये आहे. त्यात एक बाई मधाळ आवाजात "शाब्बास" म्हणते, मी खुर्चीवर बसलेली असले तरी म्हणते.

तिसरी पांटेलिस मास्तरांची. आमच्या अर्ध्या गावाला, नेआ माक्रीला, त्यांनी शाळेत कवायत शिकवली आहे, मलाही. ही शर्यत ते इतक्यांदा धावलेत की आता फक्त कडेला खुर्ची टाकून बसतात आणि लोकांच्या चुका काढतात. त्यांची योजना अशी. एका विजेच्या खांबापर्यंत पळायचं, पुढच्या खांबापर्यंत चालायचं. दर रविवारी थोडं लांब.

"मास्तर, ही काय योजना झाली?"

"मग? तुला चंद्रावर जायचंय?"

विचार करून उद्या ठरवते.

१५ सप्टेंबर, रविवार

दहा दिवस गेले, योजना ठरली नाही. आज म्हटलं, निदान बूट तरी घालून बघू. नारिंगी जोड घालून फाटकापर्यंत गेले, परत आले. उजवा चावतो. डावा ठीक आहे. उजवाच.

आई म्हणाली, "दुकानात तर नाचत होतीस म्हणे."

दुकानात गालिचा असतो. घरात सगळ्यांना सगळं कळतं, पाय तेवढे माझे. जुने टेनिसचे बूट घालून समुद्राकाठी रामराम करत हिंडून आले. दोन तास कसे गेले कळलं नाही.

लियाचा फोन आला. पाच मुलांपैकी तिघं भावंडं आहेत आणि एकाला अजून पेन्सिल धरता येत नाही. हे सांगताना ती हसत होती. मी विचारलं, जेवण काय? म्हणाली, मासे. उद्या? मासे. मी म्हटलं, भाजी पाठवते. म्हणाली, जहाज येईपर्यंत तिचं खत होईल.

२३ सप्टेंबर, सोमवार

बूट बदलायला अथेन्सला गेले. दुकानदाराने उजवा उलटा करून पाहिला आणि माझ्याकडे पाहिलं.

"बाई, हा बूट रस्त्यावर गेलाच नाही. तळ कोरा आहे."

"चावतो."

"घातल्याशिवाय कसा चावेल? आणि यावर कोणाचं तरी नाव आहे. असा मी परत कसा घेऊ?"

"पुसून देते."

"पुसा." त्याने स्पिरिटची बाटली आणि फडकं पुढे केलं.

मी फडकं हातात घेतलं. स्पिरिटही लावलं. मग म्हटलं, जाऊ दे, दुसराच जोड दाखवा. त्याने करड्या रंगाचा एक आणला, तळ जाडजूड. तो घेतला. नारिंगी जोड पिशवीत घालून परत आणला आणि कपाटात वर ठेवला.

घरी आल्यावर पाहिलं तर करडा फारच मऊ आहे. भिजवलेल्या कणकेवर उभं राहिल्यासारखं वाटतं. यात धावणार कोण?

४ ऑक्टोबर, शुक्रवार

पायाला भिंगरी लागली आहे. सलूनमध्ये एका जागी ठरत नाही. काल एकीच्या बटा कापता कापता मी दोनदा दारापर्यंत जाऊन आले. संध्याकाळी कुलूप लावलं की चालायला लागते, बाजार, समुद्र, चर्चची चढण, परत बाजार. घरी आले की लियाच्या खोलीत जाते. गादी उन्हात घातली. नवे पडदे लावले, तिला आवडतात तसे, निळे. आई दारात उभी राहून बघत होती. 

आज केस धुवायला थोमाई आली होती. तिच्या ओळखीतल्या एका बाईची गोष्ट सांगत होती. त्या बाईने नवस केला, घर विकलं गेलं तर चांदीचा दिवा वाहीन म्हणून. घर विकलं गेलं, बाई दिवा विसरली. वर्षाच्या आत व्यवहार फिसकटला आणि घर पुन्हा तिच्याच गळ्यात. "नवस फेडला नाही की देवी दिलेलं परत घेते," थोमाई म्हणाली.

मी विचारलं, किती दिवसांनी घेते? पूर्ण परत आलं का घर, होतं तसंच? आणि त्या बाईला काही त्रास तर झाला नाही ना? थोमाईने फेसाने भरलेलं डोकं वर करून माझ्याकडे पाहिलं. "तुला घर विकायचंय का गं?"

छे, सहज विचारलं. पाणी फार गरम झालं होतं, ते बघायला गेले.

१३ ऑक्टोबर, रविवार

थोमाईच्या मेहुण्याने एक जोड आणून दिला, हिरवा. अंगठ्याला लागतो. आता कपाटात तीन जोड आणि पायात टेनिसचे. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं.

समुद्राकाठी मास्तर भेटले. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे.

"बूट घेतलेस की नाही?"

"घेतले. एकही धड नाही."

"नाचता येईना अंगण वाकडं," ते म्हणाले. "पण गंमत बघ, तुला नाचता येतं. महिनाभर गावभर भटकते आहेस. लोक मला विचारतात, आसिमिनाचं काही हरवलंय का? दम आहे तुझ्या पायांत. चालत पळत गेलीस तर दिवस मावळायच्या आत पोचशील. तुला योजना नकोय, सबब हवी आहे."

मी म्हटलं, मास्तर, तुम्ही आता शाळेत नाही आणि मीही नाही. ते म्हणाले, ते मला माहीत आहे, नाहीतर मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या असत्या.

उद्धट म्हातारा. सबब कशाची?

२८ ऑक्टोबर, सोमवार

सुट्टीला लिया यायची होती. तीन दिवस वारा आहे, जहाजच सुटलं नाही. मी भरलेल्या द्राक्षाच्या पानांचं भांडं भरून ठेवलं होतं.

दुपारी फोन आला. सकाळी शाळेचं संचलन होतं, पाच मुलं आणि झेंडा. झेंडा धरणाराच वाऱ्याने मागे जायला लागला तेव्हा अख्ख्या बेटाने हसून टाळ्या वाजवल्या. हे सांगता सांगता ती रडायला लागली. खिडकी रात्रभर वाजते. संध्याकाळी बोलायला माणूस नाही. पेन्सिल न धरणारा मुलगा आजही तिला चावला. "आई, मी सोडून येऊ का? क्लासवाले परत घेतील. तू हो म्हण, मी अर्ज देते."

मला ठाऊक होतं काय म्हणायचं ते. अठ्ठावीस ऑक्टोबर आहे. एकदा शत्रूला 'नाही' म्हणालो म्हणून सगळा देश आज झेंडे घेऊन रस्त्यावर उतरतो. आणि मला माझ्या पोरीला एक 'नाही' म्हणता आलं नाही. मी म्हणाले, "तुझं तू बघ, बाळा. खोली तशीच आहे. पडदे नवे लावलेत."

ती मग म्हणाली, "तुझी शर्यत होऊ दे. मग सोमवारी अर्ज देते."

फोन ठेवल्यावर मला भूक लागली. उभ्या उभ्या अर्धं भांडं खाल्लं. फार दिवसांनी अन्नाला चव आली.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

सलूनमधून आले तर जेवणाच्या टेबलावर नारिंगी जोड उलटा ठेवलेला. आई शेजारी बसून ऑलिव्ह निवडत होती.

"वाच," ती म्हणाली.

"आई, बूट टेबलावर ठेवू नयेत."

"वाच काय लिहिलंय."

"तुझं नाव."

"कसं आहे?"

"कसं म्हणजे? काळं."

"नव्यासारखं आहे. दोन महिने झाले. लियाने काल मला पण फोन केला, तुझ्याआधी. मी म्हटलं, आईला विचार, ती सांगेल राहा म्हणून. आणि तू तिला पडद्यांचा रंग सांगितलास."

"बूट चावतो तर मी काय करू?"

"बूट नाही चावत. नाव चावतं." ऑलिव्ह बाजूला सारून तिने हात पुसले. "मी एक नवस बोलले होते. तू मनातल्या मनात उलटा नवस बोलून बसली आहेस. बूट घालायचे नाहीत, धावायचं नाही, म्हणजे देवी रागावेल आणि पोरगी घरी येईल. थोमाईला काय काय विचारलंस ते तिने मला बाजारात सांगितलं."

मी म्हटलं, असलं काही माझ्या मनात नाही.

"तू लग्न करून गेलीस तेव्हा इथून तिथे, दोन गावं पलीकडे गेलीस. तरी मी आठवडाभर जेवले नाही. पण रडले ती घरात रडले. तुला फोन लावून तुझ्या पलंगाचं वर्णन केलं नाही."

मी उठून लियाच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. पडद्यांना अजून दुकानाचा वास आहे.

मला ती परत हवी आहे. हे घ्या, लिहिलं. नोकरी जाऊ दे, बेट बुडू दे, पाच पोरांना दुसरी बाई मिळेल. सकाळी तिने माझी कॉफी पिऊन टाकावी आणि मी ओरडावं, मला एवढंच हवं आहे. माझा नवरा स्टेलिओस वारला तेव्हा ती होती म्हणून मी उभी राहिले. आता कोणासाठी उभी राहू, गिऱ्हाइकांसाठी?

३ नोव्हेंबर, रविवार

नारिंगी घातले. राफिनापर्यंत गेले आणि आले, खांब ते खांब, मास्तरांच्या पद्धतीने. कुठेही चावले नाहीत. कुठेही म्हणजे कुठेही. इतका संताप आला की परत येताना दोन खांब जास्त पळाले.

तळ बघायचा नाही असं ठरवलं होतं. पाहिला. पुसट झालंय, पण वाचता येतं. मग पायरीवर बसून रडले आणि मग आत जाऊन आईला म्हटलं, बूट चांगले आहेत. ती म्हणाली, "माहीत आहे."

लियाला फोन लावला. तिने विचारलं, कशी आहेस. मी इथल्या हवेबद्दल बोलले, तिने तिथल्या. पुन्हा तेच. 'तिथेच राहा' तोंडाशी आलं होतं, आलं तिथूनच परत गेलं.

९ नोव्हेंबर, शनिवार

आईने अंगणातल्या झाडाच्या डहाळ्या छाटून बादलीत उभ्या केल्या आहेत. दरवर्षी शर्यतीच्या दिवशी ती सलूनसमोर उभी राहून धावणाऱ्यांच्या हातात ऑलिव्हची डहाळी देते. दरवर्षी मी तिच्या शेजारी उभी राहून, रस्ता बंद केला म्हणून कुरकुरते. उद्या ती एकटीच.

लियाचा निरोप आला. अर्ज लिहून ठेवलाय म्हणाली. तू पोचलीस की फोन कर.

मास्तर येऊन सांगून गेले, नवीन काही खाऊ नकोस, नवीन काही घालू नकोस, नवीन काही विचार करू नकोस. पहिली दोन जमतील.

११ नोव्हेंबर, सोमवार

पलंगावरून लिहिते आहे. काल लिहिणं शक्यच नव्हतं. आज सकाळी जिना उलटी होऊन उतरले, कठडा धरून.

माराथोनला निघताना एवढी गर्दी होती की पळावं लागलंच नाही, लोटलेच गेले. मग सगळे पुढे निघून गेले आणि मी आणि माझे खांब उरलो. नेआ माक्रीत सलूनसमोर सगळ्या गिऱ्हाईक बायका जमल्या होत्या. थोमाई ओरडली, "आसिमिना, माझी बुधवारची वेळ पक्की ना?" आई बादलीपाशी होती. मला वाटलं मिठी मारेल. तिने डहाळी माझ्या मुठीत कोंबली आणि म्हणाली, "माझ्याकडे काय बघतेस? रस्ता तिकडे आहे."

राफिनाच्या पुढे चढण सुरू झाली ती संपेचना. कित्येकदा या रस्त्याने मोटारीत बसून गेले आहे, चढण आहे हे कधी कळलंच नव्हतं. पळणं थांबलं, खांब ते खांब चालणंच उरलं. पल्लिनीला एका म्हाताऱ्याने बाल्कनीतून विचारलं, "बाई, कुणाच्या नवसाचं?" म्हटलं, आईच्या. तो म्हणाला, "मग थांबायची सोय नाही." सगळ्या वाटेत मला एवढं एकच बोलणं पटलं.

उतार लागला तेव्हा गुडघे पेटले. उजव्या पायाचं प्रत्येक पाऊल टेकताना मला ठाऊक होतं खाली काय आहे ते. सुरुवातीला तो पाय मी उचलून उचलून टाकत होते, चिखलातून जावं तसा. शेवटी शेवटी तेवढी ताकदच राहिली नाही. पाय जसा पडेल तसा पडू दिला.

संगमरवरी स्टेडियममध्ये शिरले तेव्हा ऊन पायऱ्यांवरून निघून जायला लागलं होतं आणि माणसं विरळ झाली होती. गळ्यात पदक घातलं कोणीतरी. मी पहिल्या पायरीवर बसले आणि लियाला फोन लावला, बूट काढायच्याही आधी. उशीर केला असता तर पुन्हा हवेबद्दल बोलले असते.

"आई, पोचलीस?"

"पोचले. अर्ज देऊ नकोस."

लिया मग म्हणाली, "तू तर म्हणाली होतीस, खोली ठेवलीय."

"ठेवलीच आहे. नाताळला ये, ईस्टरला ये, जहाज असेल तेव्हा ये. नोकरी सोडून यायचं नाही. तू विचारलं होतंस ना, हो म्हण म्हणून? मी नाही म्हणते आहे."

ती रडली. मीही रडले. शेजारी बसलेला जर्मन की कोण, त्याला वाटलं माझे पाय दुखताहेत, त्याने मला केळं दिलं. बऱ्याच वेळाने लिया म्हणाली, "तो मुलगा आहे ना, चावणारा. शुक्रवारी त्याने पेन्सिल धरली. तुला सांगायचं राहिलं."

"हे राहिलं?"

"सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, मग राहा." नाक ओढून ती हसली. "आई, पुसलं का गं?"

मग मी बूट काढला. टाचेचं पार गेलं होतं, चवड्याचंही. पण मधे, पावलाच्या कमानीखाली, जिथे तळ जमिनीला टेकतच नाही, तिथली दोन अक्षरं होती तशीच होती. काळीभोर. मी तिला म्हटलं, पुसलं. एवढं खोटं चालतं.

आज सकाळी जिना उतरून आले तर आई चष्मा लावून उजवा बूट उजेडात धरून बसली होती. मी मनात म्हटलं, आता म्हणेल नवस अर्धाच फिटला.

तिने अंगठ्याने ती दोन अक्षरं घासून पाहिली.

"गेलं ते तिचं," ती म्हणाली. "उरलं ते माझं. मी कुठे जाते आता?"

आणि उठून तिने बूट बाहेर नेला, कपाटात नाही, दाराशी रोजच्या चपलांच्या रांगेत ठेवला.